चूल विझली की तुळई कुजते

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इटलीतल्या डोंगरावरच्या ओस गावांची छायाचित्रे आली. छायाचित्रे देखणी होती, पण मजकूर ‘काळ थांबलेले गाव’ आणि ‘भुतांचे गाव’ एवढ्यावरच आटोपला. ही घरे बांधली कशी होती, त्यांत माणसे राहत कशी होती आणि माणसे गेल्यावर घरे कोणत्या क्रमाने पडली, याचा त्यात पत्ता नव्हता. मराठवाड्यातल्या वाचकाला तेवढेच कामाचे आहे, कारण त्या घरांची भिंत आणि औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागातल्या माळवदाची (मातीच्या सपाट छपराच्या घराची) भिंत एकाच जातीची आहे. आम्ही दगडमातीच्या जुन्या बांधकामांची दुरुस्ती करणारी मंडळी आहोत. पत्र लांबले आहे. जागा असेल तेवढे छापावे.

पुरवणीतल्या मोठ्या छायाचित्रातले गाव क्राको. दक्षिण इटलीतल्या बाझिलिकाता भागात, माटेरा प्रांतात, साधारण ४०० मीटर उंचीच्या टेकडीवर ते आहे. माथ्यावर नॉर्मन काळातला चौकोनी बुरूज, त्याखाली जमीनदारांचे चार वाडे आणि उतारावर एकमेकांना पाठ टेकून बसलेली घरे. पीकपाणी आपल्यासारखेच कोरडवाहू: गहू, ऑलिव्ह, द्राक्षे. गाव ओस पडायला सुरुवात झाली ती पोटापाण्यामुळे. १८९२ ते १९२२ या काळात तिथून तेराशेवर माणसे अमेरिकेकडे गेली. मग १९६३ साली टेकडी घसरली आणि लोकांना खाली क्राको पेस्किएरा या वस्तीत हलवावे लागले. १९७२ चा पूर आणि १९८० चा भूकंप यांनी उरलेसुरले उरकले. टेकडी चिकणमातीची आहे. गावात नळाची आणि गटारांची कामे झाली, पाणी जमिनीत मुरू लागले आणि घसरण वाढली, असे या घसरणीचे कारण सांगितले जाते. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी माती काय करते, हे काळ्या रानात पाया घेणाऱ्याला वेगळे सांगायला नको. आता क्राकोत वाटाड्यासोबत, डोक्यावर शिरस्त्राण घालून, आखलेल्या वाटेनेच फिरता येते.

प्रत्येक गावाचे कारण निराळे. लिगुरियातले बुस्साना २३ फेब्रुवारी १८८७ च्या भूकंपात पडले. कांपानियातल्या रोशिन्यो वेक्कियाला घसरणाऱ्या जमिनीमुळे १९०२ आणि १९०८ च्या कायद्यांनी हलवायचे ठरले. रोमान्यानो अल मोंते २३ नोव्हेंबर १९८० च्या भूकंपाने रिकामे झाले. आल्प्स आणि अपेनाइन डोंगरांतल्या कित्येक वाड्यांवर मात्र कसलीच आपत्ती आली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तोरिनो-मिलानोचे कारखाने वाढले, तरणी पोरे खाली उतरली आणि म्हातारी माणसे गेल्यावर दारांना कुलपे लागली. आपल्याकडे पुण्याच्या गाडीत बसणाऱ्या पोरांची गोष्ट याहून वेगळी नाही.

आता भिंतीकडे वळू. या गावांतली भिंत दोन पदरी असते. बाहेरून बऱ्यापैकी बसवलेल्या दगडांचा एक पदर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत चिपा, माती, चुन्याचा कमअस्सल गारा. जाडी दोन फूट, कुठे त्याहून जास्त. वरून पाहणाऱ्याला वाटते की एवढी जाड भिंत हत्तीलाही हलणार नाही. खरी गोष्ट अशी, की दोन पदरांना एकत्र धरणारा आरपार दगड मध्ये नसेल तर ती एक भिंत नसतेच. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन अशक्त भिंती असतात. डोक्यावर छप्पर आहे आणि आत पाणी जात नाही, तोवर त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात.

पडझड सुरू होते ती छपरापासून. दक्षिणेत भाजलेली अर्धगोल कौले, उत्तरेत ओस्सोलासारख्या खोऱ्यांत दगडाच्या पातळ फरश्या. वाऱ्याने किंवा मांजराच्या उड्यांनी एक कौल सरकते. घरात माणूस असेल तर पावसाच्या पहिल्या रात्री थेंब कळतो आणि सकाळी शिडी लागते. घर बंद असेल तर तेच पाणी चेस्टनटच्या तुळईवरून ओघळत भिंतीतल्या खोबणीपर्यंत जाते. तुळई मधोमध क्वचितच कुजते. ती कुजते टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते, कारण तिथे वारा लागत नाही. टोक गेले की तुळई खाली येते, येताना खालच्या मजल्याची तक्तपोशी घेऊन येते आणि भिंतीच्या माथ्याचे दगडही ओढते. आता माथा उघडा पडला. पाणी थेट मधल्या भरीत उतरते, माती खाली बसते, बाहेरच्या पदराला आतून रेटा बसतो आणि भिंतीला पोट सुटते. डोंगरात हिवाळ्यात भरीतले पाणी गोठून फुगते, तेव्हा हे काम आणखी लवकर होते. त्यानंतर अंजीर किंवा वेल भेगेत रुजते. छायाचित्रात जे काव्यमय हिरवे दिसते, ते बहुतेक वेळा याच शेवटच्या टप्प्यावरचे असते.

या सगळ्याला आवर घालत होता तो रोजचा राबता. खालच्या मजल्यावर खेचर, गाढव, डुक्कर. वरच्या मजल्यावर माणसे, बाहेरून दगडी जिन्याने चढायचे. जनावरांची ऊब वर येई आणि लाकडी तक्तपोशी कोरडी राही. गावाला पाण्याचा एक झरा किंवा हौद, शेजारी धुण्याचा दगडी हौद, भाकरीची सामाईक भट्टी. अपेनाइनच्या चेस्टनट पट्ट्यात प्रत्येक वाडीला फळे वाळवायची दुमजली खोपटी असे. वर लाकडी पट्ट्यांची फटी ठेवलेली जमीन, तिच्यावर चेस्टनटचा थर. खाली मंद विस्तव, ज्वाळा न उठू देता महिनाभर, कुठे चाळीस दिवस धुमसता ठेवायचा. मध्ये थर उलटायचा, नाहीतर खालची जळतात आणि वरची बुरसतात. तीन किलो ओल्या फळांचे किलोभर वाळलेले फळ होई. ते सोलून, दळून पीठ. वर्षाचा निम्मा आहार त्यावर. त्या धुराने खोपटीचे लाकूड काळेकुळकुळीत होई आणि त्यात किडा शिरत नसे. विस्तव बंद झाला आणि काही वर्षांत तीच लाकडे भुसा होऊन गळू लागली.

माळवदाचे गणित याच्याशी जुळते. तळखड्यावर (पायाच्या दगडावर) उभा खांब, खांबावर हस्त (आधाराचे आडवे लाकूड), त्यावर तुळई, तुळईवर सर (आडव्या बारीक कड्या), त्यावर फळ्या किंवा चिपा, मग पाला किंवा तुरीच्या काटक्या आणि सगळ्यांत वर गावठाणातली पांढरी खारी माती. ही माती निवडण्यामागे डोके होते: तिच्यात गवत फारसे धरत नाही आणि ओली झाली की ती फुगून स्वतःच्या भेगा बुजवते. उतार पन्हाळीकडे. मृगाआधी गवत उपटून, भेगा भरून, चोपण्याने चोपून घ्यायचे. पावसाच्या झडीत कुठे गळाले तर वर जाऊन तेवढी जागा पायाने दाबायची. आत चूल पेटती असे. तिचा धूर छताच्या झरोक्यातून निघताना सर आणि चिपा धुरकटून जात आणि कीड लांब राही. घराची बळदं (भिंतीतली धान्याची कोठारे) भरली जात आणि उपसली जात, त्यामुळे भिंतीच्या पोटात ओल साचतेय का हे दरवर्षी दिसे. माणूस शेतवस्तीवर किंवा शहरात गेला, चूल विझली, की पाच-सात पावसाळ्यांत वाळवी तुळईच्या टोकाला पोचते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी, कारण जुन्या घरांचे गोडवे गाणारे ती टाळतात. माळवदाच्या निगराणीतच एक घातक सवय होती. दरवर्षी नवी माती टाकायची, जुनी कधी काढायची नाही. आठ इंचांचा थर तीन-चार पिढ्यांत दोन फुटांवर जाई. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोन ब्रास (दोनशे घनफूट), वजनात नऊ टन. तीच माती आठ इंच ठेवली तर तीन टन. राहायला थंडगार लागते म्हणून लोक खूश. डोक्यावर सहा टन फुकटचे ओझे आहे, हे कोणी मोजले नव्हते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, ते मोजले गेले. किल्लारीचा ६.२ तीव्रतेचा भूकंप, सरकारी हिशेबाने सुमारे ८ हजार माणसे गेली, ५२ गावे मूळ जागेवरून उठवून नव्याने वसवावी लागली. त्या भूकंपानंतर ‘दगडाने मारले’ हे मराठवाड्याच्या मनात बसले ते आजतागायत. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा होता आणि भोवतीची भिंत दोन पदरांत फाटून आत-बाहेर कोसळली होती. दोष दगडाचा कमी. आरपार दगड न घालण्याचा, कोपऱ्यात सांधा न जुळवण्याचा, गोल गोटे तसेच रचण्याचा आणि वरच्या मातीचा जास्त. खांब आणि तुळई यांच्यात तिरका आधार नसल्याने सांगाडेही कलले.

सिसिलीत जानेवारी १९६८ मध्ये बेलिचे खोऱ्याचा असाच भूकंप झाला. जिबेल्लिना गाव जुन्या जागेपासून दूर, सपाटीवर नव्याने बांधले. रस्ते इतके रुंद, की शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून बोलायची सोयच राहिली नाही. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर अल्बेर्तो बुर्री या कलावंताने पांढऱ्या काँक्रीटची चादर घातली, गल्ल्यांच्या जागा तेवढ्या चरांसारख्या मोकळ्या ठेवल्या. आपल्याकडे जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली आणि सरळ आखलेले रस्ते मिळाले. घरे मजबूत होती, यात वाद नाही. पण गोठा, कडबा, उखळ आणि चारचौघांत बसायची ढाळज कुठे, याचे उत्तर आराखड्यात नव्हते. लोकांनी ते नंतर पत्रे ठोकून शोधले.

आज जुन्या गावठाणात जी माळवदे अजून उभी आहेत, त्यांना दोन धोके आहेत. पहिला जेसीबी: घरकुलाच्या यादीत नाव लागावे किंवा जागा मोकळी व्हावी म्हणून चांगली साग-बाभळीची तुळई विकून घर एका दुपारी सपाट केले जाते. दुसरा धोका जास्त फसवा आहे, कारण तो सुधारणेच्या नावाने येतो. माळवद उतरवायचे आणि त्याच दगडमातीच्या भिंतींवर स्लॅब टाकायचा. पाच इंची स्लॅबचे वजन दहा बाय दहाला साधारण तीन टन, म्हणजे हलक्या माळवदाएवढेच. म्हणून मालकाला वाटते काही बिघडत नाही. बिघडते ते असे, की खणाच्या (खांब-तुळयांच्या सांगाड्याच्या) घरात माळवदाचा भार खांबांवर होता आणि भिंत नुसती भोवती उभी होती. स्लॅब टाकताना खांब काढले जातात आणि सगळा भार अशा भिंतीवर जातो, जिने तो कधी उचललाच नव्हता. वर स्लॅब ताठ, खाली भिंत भुसभुशीत. हादरा बसला की स्लॅब एकसंध सरकतो आणि खालचा पदर फोडतो.

इटलीने हे पैसे खर्चून शिकले आहे. १९९७ च्या उंब्रिया-मार्के भूकंपात सेल्लानो गावात, लाकडी मजले काढून काँक्रीटचे घातलेली आणि भिंती तशाच ठेवलेली घरे वाईट रीतीने फुटली. ६ एप्रिल २००९ ला लाक्विलाच्या भूकंपात सांतो स्तेफानो दी सेस्सानियोचा मध्ययुगीन गोल बुरूज कोसळला. त्याच्या माथ्यावर आधीच्या दुरुस्तीत काँक्रीट चढवलेले होते. जुन्या पद्धतीत तिथले गवंडी समोरासमोरच्या भिंतींमधून लोखंडी सळई आरपार नेऊन बाहेरून तिला लोखंडी पट्टी किंवा आडवी-उभी खीळ लावतात. रस्त्यावरून चालताना घरांच्या दर्शनी भिंतींवर त्या खिळा दिसतात. दिसायला साधे, पण भिंती बाहेरच्या बाजूला उमलत नाहीत.

एक युरोत घर या बातम्यांबद्दलही दोन शब्द. सिसिलीत सांबुका, मुस्सोमेली, गांजी या गावांनी अशी घरे काढली, पण किंमत एक युरो असली तरी ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करायची अट असते आणि अनामत ठेवावी लागते. अडते ते वारसांपाशी: एका घराचे वारस देशोदेशी पांगलेले. बुस्सानात तर भूकंपानंतर रिकाम्या पडलेल्या घरांत कलावंत येऊन राहिले, त्यांनी ती डागडुजी करून जगवली, आणि मालकी सरकारची की राहणाऱ्याची हा तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालला. आपल्याकडे आजोबांच्या नावावर नमुना आठ (ग्रामपंचायतीतली घराची नोंद), त्याखाली अकरा हिस्सेदार, आणि पन्हाळ बसवायलाही कोणी खिशात हात घालत नाही. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळत आहेत. पत्रिका हातात आल्या, की निदान दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा हे कागदावर लिहून घ्यावे.

घर राखायचे ठरले तर कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. आधी ओळंबा. भिंतीच्या माथ्यापासून दोर सोडून पोट किती सुटले ते दर चार-पाच फुटांवर खडूने लिहून ठेवा. लहान हातोडीने ठोकले तर सुटलेला पदर पोकळ वाजतो. जिथे पोट मोठे आहे आणि आवाज पोकळ आहे, तो तुकडा धिरे (टेकू) लावून उतरवून पुन्हा रचावा लागतो. नुसता बाहेरून सिमेंटचा गिलावा केल्याने फट झाकली जाते, आतली ओल कोंडते आणि दोन वर्षांनी गिलावा पदरासकट सुटतो. गिलावा मातीचा किंवा चुन्याचाच हवा.

मग छप्पर. मातीला हात लावण्याआधी प्रत्येक तुळईखाली धिरा द्या. माती एका बाजूने उकरत जाऊ नका. सगळ्या खोलीभर थोडी थोडी, दोन्हीकडून सारखी उतरवा, नाहीतर सांगाडा हलक्या झालेल्या बाजूला झुकतो. उतरवलेली माती भिंतीच्या कडेला लावून ठेवू नका, तिचा रेटा भिंतीवर येतो. सर आणि तुळयांची टोके सब्बलीच्या टोकाने टोचून पाहा. टोक सहज शिरले तर तेवढा भाग कापून नवे लाकूड जोडा. खांब-तुळईच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशात तिरका आधार ठोका, लाकडाचा किंवा लोखंडी अँगलचा. मग पातळ थर, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पुन्हा माती, एकूण जाडी आठ इंचांच्या वर नको.

भिंतीला आरपार दगड नंतरही घालता येतो. सुमारे तीन फुटांच्या अंतराने, आडवे आणि उभे, एकेक दगड हाताने हलवून काढायचा आणि तीन इंचांचे भोक दुसऱ्या तोंडापर्यंत न्यायचे. दोन्ही तोंडांशी भोक रुंद, मध्ये अरुंद. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली आठ मिलिमीटरची सळई आणि १:२:४ चे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. पहार-घणाने ठोकू नका, शेजारचे चार दगड सुटतात. एका वेळी शेजारशेजारची भोके पाडू नका. दाराच्या चौकटीच्या वरून घराभोवती जाळीचा आठ-दहा इंच रुंद सलग पट्टा आत-बाहेर बांधून घ्यावा. कोपऱ्यात तो तोडला तर घातलाच नाही असे समजा. नवी भिंत रचायची असेल तर १९९३ सालचे भारतीय मानक १३८२८ पाहावे: जाडी दीड फुटाच्या वर नको, दर दोन फूट उंचीला आणि दर चार फूट लांबीला आरपार दगड. गवंड्याला एवढे तीन आकडे पाठ असले तरी भागते.

पिंपळ आणि वड भिंतीत असतील तर उपटू नका, मुळाबरोबर भिंत येते. बुंधा भिंतीशी कापा, साल सोला, फुटवे आले की पुन्हा कापा, आणि मूळ मेल्यावर चीप-गाऱ्याने जागा भरा.

गढ्यांबद्दल ग्रामपंचायतींना एक विनंती. माळवदासाठी पांढरी माती गढीच्या पायथ्यातून खणून नेण्याची रीत अजून चालू आहे. पायथा पोखरला की बुरूज उभा चिरतो आणि पावसाळ्यात खालच्या घरांवर येतो. तिथे खणायला बंदी घालावी. माती हवी असेल तर जुन्या माळवदाची उतरवलेली चाळून घ्यावी. दोन फुटांच्या थरातून आठ इंचांचे छप्पर होऊन शेजारच्या खोलीलाही पुरते.

आपला,
एक वाचक, उमरगा, जि. धाराशिव